मांजराच्या ओठावरची जखम आणि अंगावरचे चट्टे : काय करावे, काय करू नये



पावसाळा सुरू झाला की वस्तीतल्या आरोग्य बैठकीत ताप, जुलाब, डेंग्यू यांच्यासोबत आणखी एक प्रश्न येतो. "ताई, मांजराचा वरचा ओठ कुरतडल्यासारखा झालाय, काय लावू?" "पोटावर लाल चट्टे आलेत, सारखं चाटतंय." विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच काहीतरी लावलेले असते. कुणी हळद-तेल, कुणी डेटॉल, कुणी घरात पडून असलेली मलमाची ट्यूब, तर कुणी बिब्बा. मांजर दुखण्याने कण्हते म्हणून दुधात तापाची अर्धी गोळी घालून देणारेही भेटतात. हे सगळे मायेपोटी होते. पण यातल्या काही गोष्टींनी मांजर जखमेने मरत नाही, उपचाराने मरते.

आरोग्याच्या पानावर मांजर कशाला, असे कुणी म्हणेल. नांदेड असो की लातूर, आपल्या वस्त्यांत ज्वारी, तूर, तांदूळ घरातच साठवलेला असतो. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर. थंडीत ते लेकरांच्या गोधडीत शिरते. त्याच्या अंगावरच्या पिसवा गोधडीत येतात, त्याच्या कातडीचा बुरशीचा रोग लेकराच्या गळ्यावर उमटतो आणि दुखऱ्या तोंडाला हात लावला की ते चावते. म्हणून मांजराचे दुखणे हे घराचेही दुखणे आहे.

आम्ही परिचारिका आहोत, पशुवैद्य नाही. त्यामुळे औषधाचे नाव आणि डोस या लेखात सांगणार नाही. दुखणे कसे ओळखावे, घरी काय करणे सुरक्षित आहे, काय जीवघेणे आहे आणि कुठे जावे, एवढेच सांगतो.

हे दुखणे कसे दिसते?

आपल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'इओसिनोफिल' हा शब्द तुम्ही वाचला असेल. या पांढऱ्या पेशी आहेत. जंत झाले किंवा ॲलर्जी झाली की त्या वाढतात. मांजराच्या शरीरात ॲलर्जी झाली की याच पेशी कातडीत किंवा तोंडात गोळा होतात आणि तिथे जखम तयार होते. तिचे प्रकार असे :

१. ओठावरची जखम. बहुधा वरच्या ओठावर, एका किंवा दोन्ही बाजूंना. कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, रंग लाल-तपकिरी. दिसायला भयंकर, पण बऱ्याचदा मांजराला ती फारशी दुखत नाही. "उंदीर चावला" असे लोक म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही या जखमेला उंदराचेच नाव दिलेले आहे. पण उंदराचा यात काही संबंध नाही.

२. पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला लाल, उचललेले, ओले चट्टे. यांना प्रचंड खाज असते. मांजर चाटून चाटून ते आणखी ओले करते आणि केस उडवते.

३. मागच्या मांडीवर लांब दोरीसारखी गाठ, हनुवटीला सूज, किंवा जिभेवर आणि टाळूला गाठी. तोंडात गाठी असल्या तर लाळ गळते, खाताना घास खाली पडतो.

४. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर बारीक खपल्या. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हात फिरवला की बाजरीचे दाणे पसरल्यासारखे हाताला लागतात.

हे दुखणे संसर्गाचे नाही. मांजराकडून माणसाला किंवा दुसऱ्या मांजराला ते लागत नाही. पण असेच दिसणारे दुसरे रोग आहेत. गजकर्ण म्हणजे नायटा, मांजराची खरूज, विषाणूने होणारे तोंडातले फोड, जिभेखाली अडकलेला शिलाईचा दोरा, दाताची कीड, म्हाताऱ्या मांजराची किडनी बिघडणे आणि पांढऱ्या मांजराच्या नाकाकानाला होणारा कॅन्सर. नुसते पाहून यातला फरक भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून शेजारच्या मांजराला जे लागू पडले ते आपल्या मांजराला द्यायचे नाही.

कारण शोधा : पिसू, डास, खाणे

पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पिसू. पिसू चावताना तिची लाळ कातडीत जाते आणि ॲलर्जी त्या लाळेची असते. त्यामुळे अंगावर शंभर पिसवा असाव्या लागत नाहीत. ज्या मांजराला ॲलर्जी आहे, त्याला मोजके चावे पुरतात. "आमच्या मांजरावर एकही पिसू दिसत नाही" हे वाक्य म्हणून पुरेसे नाही. मांजर स्वतःला चाटून पिसवा गिळून टाकते.

तपास सोपा आहे. उवांची बारीक फणी घ्या. शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर ती फिरवा. फणीत काळी, मातीच्या कणांसारखी घाण आली तर ती ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. दोन मिनिटांत तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे. त्यांनी प्यालेले रक्त त्या विष्ठेत असते.

दुसरे कारण डास. डासांच्या चाव्याची ॲलर्जी असलेल्या मांजराच्या नाकाच्या दांडीवर, कानांच्या टोकांवर, कधी पायांच्या गादीवर फोड आणि खपल्या येतात. पावसाळ्यात वाढतात, डास कमी झाले की ओसरतात. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. पाण्याच्या टंचाईने प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, हंडे भरून ठेवायची सवय लावली. त्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. नांदेडच्या नाल्याकाठच्या वस्त्यांत दुसऱ्या जातीचे डास. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करणे हा 'कोरडा दिवस' आपण डेंग्यूसाठी पाळतो. त्याचा फायदा लेकरालाही होतो आणि मांजरालाही.

तिसरे कारण खाणे. एखाद्या मांजराला कोंबडी, मासे किंवा दूध यांपैकी एखाद्या गोष्टीची ॲलर्जी असते. ही ॲलर्जी बारा महिने राहते, ऋतूप्रमाणे बदलत नाही. ती शोधायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण आठ आठवडे ठरावीक एकाच प्रकारचे खाणे द्यावे लागते. मधेच कुणी सुकट टाकली की सगळी मेहनत वाया.

आपल्याला औषध, मांजराला विष

हा भाग घरातल्या सगळ्यांना, शाळेत जाणाऱ्या लेकरांनाही वाचून दाखवा.

पॅरासिटामॉल, म्हणजे तापाची साधी गोळी. आपले यकृत ही गोळी निकामी करून शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा अपुरी असते. हिशेब करून पाहा. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० किलोच्या माणसाने घेतली तर वजनाच्या किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडते. तीच गोळी साडेतीन किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे सुमारे १४३ मिलिग्रॅम. म्हणजे सतरा पट, आणि तीही ज्या शरीराला ती पेलवतच नाही त्या शरीरात. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. एका गोळीने मांजर मरू शकते. लेकरांच्या तापाचे पातळ औषधही तेच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या दुखण्याच्या गोळ्याही मनाने द्यायच्या नाहीत.

कुत्र्याचे, शेळीचे गोचिडांचे औषध. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांच्या घरी गोचिडांची बाटली असतेच. तीच मांजराला चोळली जाते. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचे रसायन असते. ते मांजराच्या मज्जासंस्थेवर हल्ला करते. अंग थरथरते, झटके येतात, मांजर मरते. शेळीसाठी पाण्यात मिसळून लावायची औषधेही तशीच घातक ठरू शकतात. बाटलीवर 'मांजरांसाठी' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती लावायची नाही. ढेकूण-झुरळांची पावडर आणि फवारेही नाहीत.

फिनाईल, डेटॉल, रॉकेल. हे जखमेला पोळतात. शिवाय मांजराच्या अंगावर जे लावाल ते तासाभरात त्याच्या पोटात जाते, कारण ते स्वतःला चाटते. हा एक नियम पाठ करा : जे मांजराला खायला देता येणार नाही, ते त्याच्या अंगाला लावायचे नाही. तोंडातल्या फोडांना लावायचे बोरिक-ग्लिसरीन आणि जांभळे औषधही याच नियमात बसते.

बिब्बा आणि डाग देणे. बिब्ब्याचे तेल माणसाच्या कातडीलाही फोड आणते. ओठावरच्या जखमेवर ते लावणे म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजणे. तापलेल्या सळईने डाग देणे हा उपचार नाही, छळ आहे. नजर लागली, बाहेरचे झाले, म्हणून अंगारा लावायलाही आपण जात नाही. आपण तो रस्ता १९५६ साली सोडला.

मेडिकलवाल्याने दिलेली खाजेची ट्यूब. यातल्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक एकत्र असते. ही मिश्रणे लावून माणसांचा नायटा कसा चिवट झाला ते आपण आपल्याच वस्तीत पाहतो आहोत. मांजर ती चाटते, आणि दुखणे बुरशीचे असेल तर ते अंगभर पसरते.

चुकून यातले काही पोटात गेले किंवा अंगाला लागले तर वाट पाहू नका. अंगाला लागले असेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, कोरडे करा, उबदार ठेवा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. गोळीचे पाकीट किंवा औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी.

घरी काय करता येते?

- पिसवांची मोहीम घरापासून सुरू करा. पिसू अंडी मांजराच्या अंगावर घालते, पण ती घरंगळून गोधडीत आणि फरशीच्या भेगांत पडतात. तिथे अळी, कोश आणि नवी पिसू तयार होते. कोश कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकतो. म्हणून गोधड्या, पोती, पायपुसणे आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात टाका. कोपरे, खाटेखालची जागा, जमिनीच्या भेगा झाडून ती धूळ घराबाहेर दूर टाका.
- रोज फणी फिरवा. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. फणीत आलेली पिसू त्यात बुडवा. नखाने चिरडू नका. पिसू गिळल्याने मांजराला होणारा एक चपटा कृमी आहे. तशी पिसू लेकराच्या तोंडात गेली तर लेकरालाही तो होतो. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांना सांगा.
- पिसवांचे औषध घरातल्या सर्व मांजर-कुत्र्यांना एकाच वेळी, डॉक्टरांनी प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे सांगितलेले, आणि सांगितले तितके महिने. एकाला देऊन दुसऱ्याला सोडले तर पिसवा घर बदलतात, जात नाहीत.
- ओला चट्टा पुसायचा असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात एक लहान सपाट चमचा मीठ विरघळवा. स्वच्छ सुती कापडाने हलके टिपा. घासू नका. हे फक्त बाहेरच्या कातडीसाठी. तोंडात हात घालून काही पुसायचे नाही.
- चाटणे थांबवायला गळपट्टा. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा किंवा पुठ्ठ्याचा नरसाळ्यासारखा गळपट्टा करता येतो. कडांना कापड शिवा. गळा आणि पट्टा यांत दोन बोटे जायला हवीत. तो घालून मांजर खाऊ-पिऊ शकते ना, हे पाहा.
- तोंड दुखत असेल तर मऊ खाणे. मीठ-मसाला न घातलेला, काटे काढलेला, कुस्करलेला मासा किंवा कोंबडी, कोमट करून. कांदा-लसूण मांजराला चालत नाही, म्हणून घरचा रस्सा देऊ नका. भांडे स्टीलचे, रोज घासलेले.

मोठ्या मांजराने एक दिवसापेक्षा जास्त काही खाल्ले नाही तर ती गंभीर गोष्ट समजा. उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. पिल्लासाठी तर अर्धा दिवसही फार झाला.

डॉक्टर काय करतील?

डॉक्टर बहुधा जखमेवर काचेची पट्टी दाबून नमुना घेतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. ही साधी तपासणी आहे, पण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून असते. बुरशी किंवा पू असेल तर उपचार वेगळा, ॲलर्जी असेल तर वेगळा.

ॲलर्जीची जखम मोठी असेल तर स्टिरॉइड देतात. त्याने ओठ दोन-तीन आठवड्यांत बराच भरून येतो. इथेच घोटाळा होतो. ओठ बरा दिसला की गोळ्या बंद. पुन्हा जखम झाली की मेडिकलमधून तीच पांढरी गोळी. स्टिरॉइड एकदम बंद करायचे नसते, डॉक्टर सांगतील तसे कमी करत आणायचे असते. आणि महिनोन्‌महिने मनाने दिले तर मांजरालाही मधुमेह होतो, जंतुसंसर्ग वाढतात. पिसवा तशाच ठेवून नुसते स्टिरॉइड देणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून घरातले पाणी उपसत बसणे.

आधी आपला हात सांभाळा

लाळ गाळणारे मांजर पाहिले की पहिला विचार रेबीजचा करा. शांत मांजर एकाएकी अंगावर धावून येत असेल, आवाज बदलला असेल, अंधारात लपत असेल, गिळता येत नसेल, तोल जात असेल, तर तोंड उघडून पाहायचे नाही. लेकरांना दूर करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

मांजर चावले किंवा त्याने ओरखडले तर :

- लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. पाणी कमी असेल तर तांब्याने सतत ओता, पण धुवाच.
- हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस आहेत ०, ३, ७ आणि २८. एकही चुकवू नका.
- रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर मांजराने चाटले असेल, तर लसीसोबत जखमेत द्यायचे रेबीजचे सीरमही लागते. ते मागून घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारा.
- "घरचेच मांजर आहे, दहा दिवस बघू" असे म्हणून लस लांबवू नका. मांजरावर लक्ष ठेवायचे, पण लस सुरू करून. रेबीज एकदा झाला की त्यावर उपचार नाही. लस हाच उपाय.

मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. घरात कुणाला गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा आला तर मांजराचीही तपासणी करा. दोघांचा उपचार बरोबरच व्हायला हवा. गरोदर बहिणींनी मांजराची विष्ठा उचलू नये, ते काम घरातल्या दुसऱ्याने रोज करावे. त्यासाठी मांजर घराबाहेर हाकलण्याची गरज नाही.

कुठे जायचे?

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. आपण त्यांना गुरांचा दवाखाना म्हणतो, म्हणून मांजर तिथे न्यायचे आपल्याला सुचत नाही. लातूर जिल्ह्यात उदगीरला नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, देगलूरकडच्या लोकांनाही ते जवळ पडते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मुख्यतः तो पशुपालकांच्या जनावरांसाठी असला तरी जवळच्या दवाखान्याची चौकशी तिथे करता येते.

मांजर पिशवीत कोंबून नेऊ नका. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला खोका, आत जुने कापड. दुखणे कधी सुरू झाले, काय खाते, काय लावले, काय पाजले, हे कागदावर लिहून न्या. लावलेले काही लपवू नका. कुणी "मांजरासाठी कशाला आलात" म्हणाले तर शांतपणे केसपेपर काढायला सांगा. सरकारी दवाखाना सार्वजनिक आहे. पाणवठ्यासाठी लढलेल्या समाजाने दवाखान्याच्या दारात संकोचून उभे राहायचे कारण नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. आपल्या संविधानातही अनुच्छेद ५१-क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन कर्तव्ये एकाखाली एक दिली आहेत. मांजराला दुधातून तापाची गोळी देणाऱ्या हातात दया असते, माहिती नसते. ती माहिती आता तुमच्याजवळ आहे.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढे करा. 'आपल्याला औषध, मांजराला विष' हा भाग मोठ्याने वाचा, आणि चावल्यावर काय करायचे ते पाच ओळींत लिहून विहाराच्या भिंतीवर लावा. कुणाच्या लेकराचा जीव त्याने वाचू शकतो.

जय भीम, नमो बुद्धाय.